ऑप्शन फॉर्ममध्ये पुण्याची पाचच कॉलेजं भरू का?

प्रश्न: मी कराडला साखर कारखान्यात नोकरीला आहे. मुलीला सीईटीत ९२ पर्सेंटाइल मिळालेत आणि तिला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय. आमचं दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ७ लाख २० हजार, ईडब्ल्यूएसचा (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचा) दाखला काढलेला आहे. महिन्याला १२ हजार शिल्लक पडतात, पीपीएफमध्ये ७ लाख आहेत. कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, ऑप्शन फॉर्ममध्ये पुण्याची पाच नावाजलेली कॉलेजं भरणार आहे. नाहीच लागलं तर एका कॉलेजने मॅनेजमेंट कोट्यातून (कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून) वर्षाला साडेतीन लाख फी सांगितली आहे. पीपीएफ मोडून आणि १२ लाखांचं कर्ज काढून ते जमवेन म्हणतो. बरोबर आहे का?

उत्तर: मुलीला पुण्याला जरूर पाठवा. पण पाचच पर्याय भरून नाही. पाचांत नंबर लागला नाही, की तुमच्यासमोर मॅनेजमेंट कोट्याशिवाय काही उरणार नाही, आणि तो खर्च तुम्ही आताच, फॉर्म भरतानाच, अंगावर घेताय.

त्याच कॉलेजातली तीच जागा दोन वाटांनी किती वेगळी पडते ते बघा. तुम्ही वेगळे कळवलेल्या आकड्यांप्रमाणे कॅपमधून ट्यूशन फी दीड लाख, डेव्हलपमेंट फी २० हजार आणि पुण्यात राहणं-जेवण वर्षाला १ लाख २० हजार. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी २०२४-२५ पासून राज्य सरकार पूर्ण भरतं. म्हणजे तुमच्या खिशातून वर्षाला १ लाख ४० हजार जातील. तुमची शिल्लक वर्षाला १ लाख ४४ हजार आहे. कर्ज नाही, पीपीएफलाही हात लावायला नको.

मॅनेजमेंट कोट्यात ही सवलत मिळत नाही, ती फक्त कॅपमधून झालेल्या प्रवेशाला आहे. (अभिमत आणि खासगी विद्यापीठांनाही ती लागू नाही, तिथले अर्ज भरणार असाल तर हे धरून चाला.) मॅनेजमेंट कोट्यात साडेतीन लाख फी आणि राहण्याचा खर्च मिळून चार वर्षांचे १८ लाख ८० हजार होतात. १२ लाखांचं कर्ज दरवर्षी ३ लाख असं उचललं आणि व्याज १० टक्के धरलं, तर शिक्षण आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसला तरी व्याज चढतच राहतं. परतफेड सुरू होईल तेव्हा १६ लाख २० हजार झालेले असतील, आणि दहा वर्षांसाठी हप्ता २१ हजारांच्या वर जाईल. पहिल्या नोकरीच्या पगारातून हे देणं मुलीला फार जड जाईल. शिवाय साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँक सहसा तारण मागते, म्हणजे घर किंवा शेत. केंद्राच्या शैक्षणिक कर्जाच्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेतही मॅनेजमेंट कोट्याचे प्रवेश धरत नाहीत. आणि पीपीएफ मुदतीआधी बंद केलं तर सगळ्या वर्षांच्या व्याजदरातून एक टक्का कापला जातो.

म्हणून मर्यादा आधी ठरवा: वर्षाला १ लाख ४० हजार. त्यात बसणारी सगळी कॉलेजं मुलीच्या आवडीच्या क्रमाने भरा. पुण्याची पाच वर राहू देत. त्यांच्याखाली पुण्यातलीच कमी कट-ऑफची, मग सांगलीचं वालचंद, आणि तुमच्या गावातलं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, तिथे मिळतील त्या ब्रांचसह. ९२ ला तिथे कॉम्प्युटर मिळणं अवघड आहे, ते मान्य. पण खालचे पर्याय भरल्याने वरच्या पर्यायाची संधी कमी होत नाही, हे तिला नीट समजावून सांगा. फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात.

क्रमाकडे मात्र लक्ष द्या. सध्याच्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो ऑटो फ्रीझ, म्हणजे आपोआप पक्का होतो, दुसऱ्या फेरीत पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिले सहा. ती जागा नाकारली तर पुढच्या फेऱ्यांत भाग घेता येत नाही. त्यामुळे 'लागलं तर बघू' म्हणून एकही नाव वर टाकू नका. पहिल्या सहांत तीच कॉलेजं ठेवा जिथे ती खरंच जाईल आणि तुम्ही खरंच पैसे भराल.

टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन फी माफीच्या) जागांना वेगळा कोड असतो, तोही भरा. त्यात ट्यूशन फी पूर्ण कोर्ससाठी माफ होते. मुलींच्या सवलतीसाठी मात्र महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर दरवर्षी अर्ज करावा लागतो. एखादं वर्ष अर्ज राहून गेला तर दीड लाख अचानक भरावे लागतील, तेवढी सोय पीपीएफमधून अंशतः काढून होऊ शकते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला मुदतीत आहे ना, हे या आठवड्यातच तपासून घ्या.

आणि हा १ लाख ४० हजारांचा आकडा फॉर्म भरायच्या आधी मुलीलाही सांगा. अठरा वर्षांची आहे, तिला घरचा हिशेब कळेल.