पडक्या घरांचे कृष्णधवल फोटो काढताना

कॅमेऱ्याचा स्क्रीन कृष्णधवल ठेव, पण फाइल रॉमध्येच (म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात) घे. रंगांची माहिती शाबूत राहते, नंतर एडिटिंगमध्ये निळ्याचा उजळपणा तेवढा खाली ओढला की आकाश गडद होतं. फिल्मवर हेच काम लाल फिल्टर करतो, फक्त साधारण ३ स्टॉप उजेड खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). भिंतीचे पोपडे, लाकडाच्या रेषा उठून दिसायला ऊन तिरपं हवं. भर दुपारी मी कॅमेरा बाहेरच काढत नाही. आत काळोख आणि खिडकीत झगझगाट असला तर ट्रायपॉडवर एफ/८ (लेन्सचं छिद्र), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) ठेवून, शटरचा वेळ बदलत २-२ स्टॉपच्या फरकाने ३ फोटो घे, नंतर ते एकत्र जोड.

आणि हो, मालकाला विचारल्याशिवाय शिरू नकोस. जुन्या फळ्या आधी काठीने ठोकून बघ. माझा पाय एकदा गुडघ्यापर्यंत आत गेला होता. कॅमेरा वाचला, पँट गेली.