लिसू लिपीतल्या (चीन-म्यानमार भागातल्या लिसू भाषेची लिपी) 'बा'साठी रोमन कॅपिटल बी टाइप केला तर चालेल का?
नाही, चालणार नाही; दोन्ही हुबेहूब दिसतात, पण युनिकोड या, जगभरच्या लिपींतल्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या तक्त्यात लिसू 'बा'चा क्रमांक ए४डी० आहे आणि रोमन बीचा ००४२. लिसूला ही स्वतंत्र जागा २००९ मध्ये, ५.२ या आवृत्तीत मिळाली, आणि ती हवीच होती. या लिपीत छोटी अक्षरं नाहीतच. रोमन बी वापरलात आणि कुणी मजकूर लोअरकेस केला, की अक्षराचं रूपच बदलतं, शब्द वाचता येत नाही. खरा 'बा' जागचा हलत नाही. शिवाय आपल्या 'ब'सारखा त्यात 'अ' अंगचाच असतो. मात्र २००९ आधीच्या फाइली धुंडाळताना रोमन बीही टाकून बघा. तेव्हा पर्याय नसल्याने मजकूर तसा टाइप होत असे.