सिम्युलेशन बनवता येतं, आता पीएचडी कशावर करावी?

प्रश्न असा आहे: भौतिकशास्त्रात एमएस्सी झालंय, कोडिंग येतं, शाळेसाठी काही सिम्युलेशन्स (संगणकावरचे आभासी प्रयोग) केली आहेत. आता तंत्रज्ञानाच्या मदतीने विज्ञान कसं शिकलं जातं यावर संशोधन करून त्यातच करिअर करायचंय. सुरुवात कुठून करावी?

कोडिंग थोडं बाजूला ठेवा. या क्षेत्रात साधनं फार लवकर मरतात. २०२०च्या अखेरीस फ्लॅश हे ब्राउझरमध्ये अ‍ॅनिमेशन चालवणारं तंत्र बंद झालं आणि कितीतरी सिम्युलेशन्स ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. फेट (PhET) या विज्ञान-सिम्युलेशन्सच्या मोठ्या प्रकल्पालाही आपली सिम्युलेशन्स एचटीएमएल५मध्ये (वेबपानांच्या आजच्या भाषेत) नव्याने लिहावी लागली. याउलट हेदर ब्रासेल यांचा १९८७चा अभ्यास पाहा. विद्यार्थी सेन्सरसमोर चालतो आणि त्याच्या हालचालीचा आलेख पडद्यावर उमटतो. तो चालताचालता दिसला तर आलेखाची समज वाढते. २०-३० सेकंदांनी दिसला तर तो फायदा बहुतांशी जातो. ती यंत्रं केव्हाच भंगारात गेली, निष्कर्षाचा दाखला अजून दिला जातो.

म्हणून ‘माझ्या सिम्युलेशनने गुण वाढतात का?’ हा विषय घेऊ नका. गुण वाढले तरी ते साधनामुळे, नव्या शिकवण्यामुळे की नुसत्या नवलाईमुळे, हे कळत नाही. माध्यम स्वतः शिकवत नाही, अध्यापनाची पद्धत शिकवते, हा रिचर्ड क्लार्क यांचा १९८३चा आक्षेप परीक्षक आजही काढतात. संकल्पना एकच निवडा, मुलं तिच्यात नेमकी कुठे अडतात ते शोधा आणि साधनातला कोणता एक गुण ती अडचण दूर करतो ते तपासा. बर्कलीच्या मार्शा लिन यांच्या गटाने १९८०च्या दशकात उष्णता आणि तापमान या एकाच विषयावर तळ ठोकला. पुढे त्यातूनच ‘वाइझ’ हे वेबवरचं शिकण्याचं व्यासपीठ उभं राहिलं.

पहिल्या वर्षी ८ ते १२ विद्यार्थ्यांच्या मुलाखती घ्या, प्रत्येकी ३०-४० मिनिटं. सिम्युलेशन वापरताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा (एमएस्सीवाल्यांना हेच जमत नाही, लगेच शिकवायला लागतात). तासाभराचं रेकॉर्डिंग उतरवायला पाच-सहा तास धरा. मग उत्तरांना कोड द्या, म्हणजे ती ठरलेल्या प्रकारांत वर्गीकृत करा, आणि साधारण २०% उतारे दुसऱ्या व्यक्तीकडून स्वतंत्रपणे कोड करून घ्या. कोहेनचा कप्पा (दोघांचं वर्गीकरण किती जुळतं याचं माप) ०.७च्या खाली आला तर कोडच्या व्याख्या ढिल्या आहेत असं समजा.

खरी फसगत वर्गातल्या प्रयोगात होते. समजा ३० मुलांचे ४ वर्ग घेतले, दोन सिम्युलेशनचे आणि दोन नेहमीचे. मुलं १२० दिसतात. पण एका वर्गातल्या मुलांचे शिक्षक एक, वातावरण एक, त्यामुळे त्यांचे गुण एकमेकांना चिकटलेले असतात. हा अंतर्गत सहसंबंध ०.२ धरला तर डिझाइन इफेक्ट, म्हणजे मुलांची संख्या ज्याने भागायची तो आकडा, १ + (३० − १) × ०.२ = ६.८ येतो. म्हणजे १२० मुलांकडून फक्त १८ स्वतंत्र मुलांइतकी माहिती मिळते. प्रत्येक मूल स्वतंत्र धरणारी साधी टी-टेस्ट लावून ‘लक्षणीय फरक’ छापायला पाठवलेले पेपर इथेच परत येतात. वर्ग वाढवा, एकाच शिक्षकाला दोन्ही प्रकारचे वर्ग द्या आणि विश्लेषण मूल आणि वर्ग हे दोन्ही स्तर धरणाऱ्या बहुस्तरीय मॉडेलने करा.

लॉग डेटाचं, म्हणजे सिम्युलेशनमधल्या प्रत्येक कृतीच्या आपोआप होणाऱ्या नोंदींचं, नियोजन आधीच हवं. प्रत्येक नोंदीत विद्यार्थ्याचा सांकेतिक क्रमांक, सर्व्हरची वेळ, कृती, नवं मूल्य आणि सिम्युलेशनची आवृत्ती असू द्या. वेळ विद्यार्थ्यासमोरच्या संगणकाची घेऊ नका, लॅबमधली घड्याळं पुढेमागे असतात. एका संगणकावर दोघं बसले तर लॉग जोडीचा आणि चाचणी एकेकट्याची. मग क्लिक कोणाचं आणि समज कोणाची, हे नंतर कोणतंही सॉफ्टवेअर सांगत नाही. जोड्या अटळ असतील तर विश्लेषणाचं एककच जोडी ठरवा किंवा आवाज रेकॉर्ड करा. आणि चार-सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी घ्या, लगेच मोजलेली समज फसवी असते.

शाळा, पालक आणि मूल या तिघांची संमती मिळवण्यात महिने जातात. ते काम आराखडा पक्का होताच सुरू करा, कारण परीक्षांचा हंगाम लागला की वर्ग मिळत नाहीत. तोवर मुलाखतींवरचा पेपर लिहून पाठवा. पीएचडीला अर्ज करताना सिम्युलेशनची लिंक जोडाच, पण सोबत तुम्ही निवडलेल्या संकल्पनेत मुलं कुठे अडतात यावर दोन पानं लिहा. निवड समिती आधी ती वाचते.