तक्रार बंद करण्याचा ओटीपी देण्याआधी संध्याकाळ होऊ द्या

तुमच्या घरचे फायबरचे कनेक्शन रोज संध्याकाळी सात ते दहाच्या दरम्यान तुटते, दोन वेळा राउटर बदलूनही फरक पडलेला नाही, आणि कंपनीचा माणूस सकाळी येऊन ‘लाइन एकदम ठीक आहे’ असे सांगून जातो, हे तुम्ही लिहिले आहे. तुमच्या मुलीची शिकवणी नेमकी त्याच वेळेत असते, हे वाचून मला माझी २०२२ च्या नोव्हेंबरपासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंतची डोंबिवलीतली संध्याकाळ आठवली, कारण माझ्या परदेशी ग्राहकांबरोबरच्या बैठकाही सात वाजताच सुरू होत असत. त्या चार महिन्यांत मी एक ग्राहक गमावला. त्यामुळे हे उत्तर थोडे लांबले तर समजून घ्यावे.

राउटर बंद करून चालू करणे, तो खोलीच्या मध्यभागी ठेवणे, वायर घट्ट आहे का ते पाहणे, हे सगळे तुम्ही केलेले असणारच, म्हणून ते लिहीत नाही. एकच सांगते, राउटरच्या मागचे टाचणीने दाबायचे रीसेटचे बटण कोणी फोनवर सांगितले तरी दाबू नका. त्याने लॉगिनचे नाव, पासवर्ड आणि कंपनीने भरलेली जोडणीची माहिती पुसली जाऊ शकते, आणि मग मूळ दोष राहतो बाजूला व नवा दोष तयार होतो.

पहिला प्रश्न असा की तुमचे इंटरनेट संध्याकाळी हळू होते की तुटते? या दोन गोष्टी लोक एकाच शब्दाने सांगतात आणि तिथेच निदान चुकते. घरोघरी दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या फायबर जोडणीत एका धाग्यातून येणारा सुमारे अडीच गिगाबिटचा प्रवाह ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो, त्यामुळे सगळे घरी आल्यावर वेग कमी होणे शक्य आहे. पण गर्दीमुळे फायबरच्या डब्यावरचा, म्हणजे बाहेरून आलेली फायबरची केबल ज्याला जोडलेली असते त्या कंपनीच्या यंत्रावरचा, ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल होत नाही. हा दिवा लाल झाला किंवा लुकलुकू लागला, तर डब्यापर्यंत पुरेसा प्रकाशच पोहोचत नाही असा त्याचा अर्थ आहे, आणि मग वायफाय, राउटरची जागा किंवा त्याची सेटिंग यांपैकी कशाचाही त्याच्याशी संबंध उरत नाही. फायबरची जोडणी लागल्याचे दाखवणारा ‘पॉन’चा दिवा हिरवा आणि स्थिर असेल पण इंटरनेटचा दिवा गेलेला असेल, तर दोष बहुधा लॉगिनमध्ये किंवा कंपनीच्या यंत्रणेत असतो. सगळे दिवे ठीक असून फक्त मोबाइलवर अडचण येत असेल, तर लॅपटॉप वायरने जोडा, राउटरच्या पत्त्याला, म्हणजे बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ ला, पिंग द्या, म्हणजे तिथून उत्तर येते का आणि किती वेळात येते हे तपासणारी आज्ञा चालवा, आणि पडद्यावरच्या दुसऱ्या खिडकीत तीच ८.८.८.८ या बाहेरच्या, गूगलच्या पत्त्याला द्या. वायरवरून राउटर एक-दोन मिलिसेकंदांत उत्तर देत असेल आणि बाहेरचा पत्ता गप्प होत असेल, तर घरातल्या वायफायला दोष देणे तिथेच थांबवावे.

मी हे काहीही न करता आधी ४,२०० रुपयांचा राउटर आणला आणि नंतर ९,००० रुपयांचा मेशचा, म्हणजे घरभर वायफाय पसरवणारा, संच घेतला, कारण फोनवरच्या प्रत्येक व्यक्तीने ‘मॅडम, तुमच्या घरातला वायफाय कमजोर आहे’ असेच सांगितले होते. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. दिव्यांकडे पाहिलेच नाही, कारण तो डबा टीव्हीच्या कपाटामागे होता.

माझी सर्वांत महागडी चूक मात्र राउटरची नव्हती, ओटीपीची होती. त्या चार महिन्यांत मी सात तक्रारी केल्या. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास माणूस येई, हातातल्या मीटरवर प्रकाशाची पातळी मोजे, ती उत्तम असल्याचे मला दाखवी, आणि मग तक्रार बंद करण्यासाठी माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी मागे. समोर इंटरनेट सुरू असे, तो मुलगा उन्हातून आलेला असे, त्याच्यावर दिवसाला अमुक इतक्या तक्रारी मिटवण्याचे दडपण आहे हे त्याच्या चेहऱ्यावर दिसे, आणि मी ओटीपी देऊन टाकत असे. संध्याकाळी सात वाजता जोडणी पुन्हा तुटली की मी नवी तक्रार करी आणि तिला नवा क्रमांक मिळे. कंपनीच्या नोंदीत ही सात वेगळ्या घरांच्या तक्रारींसारखीच सात सुटी प्रकरणे होती, आणि त्यातले प्रत्येक ग्राहकाच्या संमतीने मिटलेले होते. एकच दोष सात वेळा परत आला आहे, हे त्यांच्या पडद्यावर कुठेही दिसत नव्हते. वरिष्ठ अभियंत्याकडे प्रकरण पाठवायचे तर तक्रार उघडी असावी लागते, असे मला नंतर सांगण्यात आले, आणि माझी तक्रार तर दर वेळी दुपारपर्यंत मीच बंद करून देत होते.

त्या कार्यालयाचे नाव मी लिहिणार नाही, कारण माझा अनुभव एका भागातल्या एका शाखेचा आहे. पण एवढे नक्की म्हणेन की ज्या दोषाची वेळ संध्याकाळची आहे, त्याची तपासणी सकाळी करून ‘दोष आढळला नाही’ असे लिहिणे ही तपासणी नव्हे. मी चौथ्या तक्रारीपासून दर वेळी ‘कृपया सात नंतर माणूस पाठवा’ अशी विनंती केली होती. दर वेळी उत्तर मिळाले की भेटीची वेळ सहापर्यंतचीच असते.

उलगडा झाला तो एका साध्या वहीमुळे. जानेवारीत माझ्या दिराने सांगितले म्हणून मी तीन रकाने आखले. पहिल्यात जोडणी तुटल्याची आणि परत आल्याची वेळ, दुसऱ्यात कोणता दिवा कसा होता, आणि तिसऱ्यात त्या वेळी घरात काय चालू होते. तिसरा रकाना आम्ही विजेच्या संशयाने ठेवला होता. मिक्सर, गीझर, वॉशिंग मशीन यांपैकी काही लावले की व्होल्टेज पडते का, हे पाहायचे होते. तीन आठवडे त्यातून काहीच निघाले नाही. मग फेब्रुवारीतल्या एका रविवारी दुपारी २ वाजून ४० मिनिटांनी जोडणी तुटली, आणि दुपारी ती तुटण्याची ही पहिलीच वेळ होती. तिसऱ्या रकान्यात मी लिहिले होते, ‘शेजारच्या इमारतीत तोडफोड, धूळ येते म्हणून हॉलची खिडकी लावली.’

आमच्या भागात संध्याकाळी डास फार येतात. सातच्या सुमारास आम्ही हॉलची स्लायडिंगची खिडकी लावून घ्यायचो आणि रात्री दहा वाजता हवेसाठी ती पुन्हा अर्धी उघडायचो. फायबरची काळी चपटी केबल कनेक्शन देणाऱ्याने भिंतीला भोक न पाडता त्याच खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या ट्रॅकमधून आत घेतली होती. खिडकी लावली की पल्ल्याच्या कडेखाली केबल दाबली जाऊन तिचा कोन होत असे.

काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो तो त्याच्या गाभ्यात कोंडलेला असतो म्हणून. धागा फार तीव्र वाकला की त्यातला काही प्रकाश बाहेर निसटतो. साध्या प्रकारच्या फायबरला सुमारे ३० मिलिमीटर त्रिज्येपेक्षा घट्ट वळण सहन होत नाही. घरात वापरण्यासाठी बनवलेले वाकण्याला टिकणारे प्रकार १० किंवा ७.५ मिलिमीटरपर्यंत चालतात, पण खिडकीच्या धातूच्या कडेवरचा कोन त्याहूनही घट्ट असतो. धागा तुटलेला नसतो, म्हणून खिडकी उघडली की सगळे पूर्ववत होते, आणि सकाळी आलेल्या माणसाला मीटरवर निर्दोष आकडा दिसतो. तो खोटे बोलत नव्हता. आमची खिडकी उघडी होती, इतकेच.

मी लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये त्या डब्याचे माहितीचे पान उघडले. बहुतेक डब्यांत आत येणाऱ्या प्रकाशाची पातळी डीबीएम या एककात दाखवणारी ओळ असते. आकडा उणे असतो आणि शून्यापासून जितका दूर, तितका प्रकाश कमी. साधारणपणे उणे ८ ते उणे २७ या मर्यादेत डबा काम करतो, आणि व्यवहारात उणे २५ च्या पलीकडे आकडा गेला तर मी स्वस्थ बसणार नाही. आमच्याकडे खिडकी उघडी असताना उणे २१.४ होता. मी खिडकी हळूहळू सरकवत नेली तसा तो उणे २७.८ पर्यंत गेला आणि मग दिवा लाल झाला. हे माप असे आहे की दर ३ अंकांना प्रकाश निम्मा होतो, म्हणजे आमच्याकडे खिडकी लावल्यावर जेमतेम पाव प्रकाश उरत होता. मी दोन्ही आकड्यांची छायाचित्रे काढली, आठवी तक्रार केली आणि आलेल्या माणसासमोर खिडकी तीन वेळा लावून उघडून दाखवली. त्याने चाळीस मिनिटांत केबल खिडकीतून काढून भिंतीतून आत घेतली. त्या दिवशी मी ओटीपी दिला नाही. रात्री दहापर्यंत थांबले, जोडणी टिकली हे पाहिले आणि मग दिला.

इथे एक आनुषंगिक गोष्ट सांगून ठेवते. भिंतीला भोक पाडायला लावाल तेव्हा ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते घ्यायला सांगा, बाहेर केबलला खाली झोळ द्या म्हणजे पावसाचे पाणी तिच्यावरून ओघळत आत न येता झोळाच्या टोकाशी टपकून जाईल, आणि फट सिलिकॉनने बुजवा. फायबरचे उघडे टोक डोळ्यासमोर धरून ‘उजेड येतो का’ असे कधीही पाहू नका. त्यातला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. हिरव्या टोपणाची जोडणी निळ्या टोपणाच्या जोडणीला लावलेली दिसली तर तेही दाखवून द्या, कारण त्यांची टोके वेगळ्या कोनात घासलेली असतात आणि ती नीट बसत नाहीत.

आता परताव्याबद्दल. चार महिन्यांचे निम्मे तरी पैसे परत मिळावेत असा अर्ज मी केला. उत्तर आले की आमच्या नोंदीनुसार आपली प्रत्येक तक्रार आपल्याच संमतीने विहित वेळेत सोडवण्यात आली आहे. त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण सातही ओटीपी मीच दिले होते. मी वकील नाही आणि हे कायदेशीर मार्गदर्शन समजू नये, पण जे मला उशिरा कळले ते सांगते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळालाच पाहिजे, आणि तिच्या निकालाने समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क अपील करता येते. त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा अशी तरतूद आहे. नियामक स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, त्यामुळे थेट तिथे पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका. अपीलाने काम झाले नाही तर ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा आहे. दूरसंचार सेवेविरुद्धची तक्रार तिथे चालू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. पण या प्रत्येक पायरीवर तुमच्याकडे काय विचारतील, तर तारखा, वेळा, तक्रार क्रमांक आणि ती तक्रार कशी बंद झाली ते.

म्हणून माझे मत ठाम आहे, कोणाला ते आडमुठेपणाचे वाटले तरी चालेल. ठरावीक वेळी येणाऱ्या दोषासाठी ती वेळ उलटून गेल्याशिवाय ओटीपी देऊ नये. आलेल्या माणसाला पाणी द्या, आदराने बोला, त्याचा क्रमांक घ्या आणि ‘आज रात्री जोडणी टिकली तर दहा वाजता मी तुम्हाला ओटीपी कळवते’ असे सांगा. माझ्याकडे शेवटी आलेल्या मुलाने ते लगेच मान्य केले. तक्रार तुमच्या संमतीशिवाय बंद झाल्याचा संदेश आला तर त्याच दिवशी, त्याच जुन्या क्रमांकाचा उल्लेख करून लेखी हरकत नोंदवा. फोनवर बोललेले पुढे कुठेच सापडत नाही.

तुमच्याकडे कारण खिडकीच असेल असे मी म्हणत नाही. सात वाजता दारामागे केबल दाबली जात असेल, कपाटाचे दार लागत असेल, जिन्यातल्या पेटीचे झाकण कोणी लावत असेल. काही इमारतींत फायबर फक्त तळमजल्यावरच्या पेटीपर्यंत असते आणि वर साधी नेटवर्कची वायर येते. तिथे त्या पेटीतल्या, घरोघरी नेटवर्क वाटणाऱ्या ‘स्विच’ नावाच्या यंत्राची वीज जिन्यातल्या दिव्यांच्या जोडणीवरून घेतलेली असेल तर संध्याकाळी दिवे लागताना ते बंद पडते का, हेही पाहण्यासारखे आहे. तुमच्या घरी डबा कोणता आहे हे तुम्ही लिहिलेले नाही, त्यामुळे यापुढे अंदाज करणे मला योग्य वाटत नाही.

उद्या साडेसहा वाजता त्या डब्यासमोर बसा. आधी प्रकाशाच्या पातळीचा आकडा टिपून ठेवा, जोडणी तुटल्या क्षणी कोणता दिवा कसा झाला ते पाहा, आणि आधीच्या पाच मिनिटांत घरात कोणी काय लावले, सरकवले किंवा बंद केले ते मुलीलाही विचारा. हे तीन तपशील इथे लिहिलेत तर मी नक्की उत्तर देईन. तिसरा राउटर तोपर्यंत घेऊ नका.