नवीन लॉन करायचंय, बी टाकू की तयार गवताचं कार्पेट (मातीसकट उगवलेल्या गवताचे तुकडे) अंथरू?

जागा उतारावर असेल किंवा महिन्याभरात वापरायची असेल तर कार्पेट घ्या, नाहीतर बीच टाका, खर्च बराच कमी येतो. बी टाकलं की उगवेपर्यंत वरची माती सुकू द्यायची नाही, दिवसातून दोन-तीनदा हलकं पाणी, पाइप जोरात सोडलात की सगळं बी वाहून एका कोपऱ्यात गोळा, म्हणून तर उतारावर नको म्हणतोय. कार्पेटलाही मुळं धरायला २-३ आठवडे जातात, कडेचा तुकडा हळूच ओढून बघायचा, उचलला गेला तर अजून तुडवू नका. फक्त टिफवे ४१९ सारखं हायब्रिड बर्म्युडा (लॉनच्या गवताची संकरित जात) हवं असेल तर बीचा विषयच नाही, ते वांझ असतं, मग कार्पेट नाहीतर कांड्या लावणं, एवढंच.