एन्व्हलप जनरेटरला ‘लिफाफा जनित्र’ म्हणावे का?

प्रश्न असा: मॉड्युलर सिंथेसायझरवरच्या (सुटे भाग, म्हणजे मॉड्यूल, तारांनी जोडून आवाज घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यावरच्या) मराठी मजकुरात ‘लिफाफा जनित्र’ असा शब्द दिसला, तो बरोबर आहे का? आणि अटॅक, डिके, सस्टेन, रिलीज या एन्व्हलपच्या चार भागांना मराठीत काय म्हणावे?

‘लिफाफा’ नकोच. इथला एन्व्हलप म्हणजे पत्राचे पाकीट नव्हे. आवाज उमटल्यापासून विरेपर्यंत कसा चढला, कसा उतरला याची ती बाह्यरेषा आहे. ‘जनित्र’ खरे तर चुकीचे नाही, कारण हे मॉड्यूल स्वतः आवाज काढत नाही, वर-खाली होणारे व्होल्टेज तयार करते. पण जनित्र म्हटले की मांडवामागे धडधडणारे डिझेलचे यंत्रच आठवते. मी सरळ ‘एन्व्हलप’ लिहितो, तेही पुल्लिंगी, आणि पहिल्यांदा आला की ‘आवाजाच्या चढ-उताराची रेषा’ असा खुलासा जोडतो.

खरी गफलत त्या चार शब्दांत होते. सस्टेनला ‘टिकाव’ म्हटले की वाचणाऱ्याला वाटते, हे बटण फिरवले की सूर जास्त वेळ टिकेल. तसे होत नाही. सूर किती वेळ टिकणार हे पट्टीवरचे बोट ठरवते. सस्टेन म्हणजे बोट दाबलेले असेपर्यंत आवाज ज्या उंचीवर थांबतो ती पातळी. बाकीचे तीन मात्र कालावधी आहेत: अटॅक आवाज चढण्याचा, डिके तिथून सस्टेनपर्यंत उतरण्याचा आणि रिलीज बोट उचलल्यावर विरण्याचा. सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूगच्या ९११ या एन्व्हलप मॉड्यूलवरची जुनी अक्षरे हे स्वच्छ सांगतात: टी-१, टी-२, टी-३ या तीन वेळा आणि ई-सस हे सस्टेनचे व्होल्टेज. ही चौकडी १९६५ च्या सुमारास अमेरिकेतल्या कोलंबिया-प्रिन्स्टन या इलेक्ट्रॉनिक संगीत केंद्रातले संगीतकार व्लादिमिर उसाचेव्हस्की यांनी मूगकडून मागून घेतली. या चौघांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे एडीएसआर हे सुटसुटीत नाव पुढे एआरपी या सिंथेसायझर कंपनीच्या यंत्रांमुळे रुळले.

म्हणून माझी पसंती अशी: अटॅकला ‘चढ’, डिकेला ‘ओसर’, सस्टेनला ‘पातळी’. अटॅकला ‘आघात’ म्हणायचा मोह होतो, पण मग ‘अटॅक वाढव’चे ‘आघात वाढव’ होते आणि अर्थ उलटा लागतो. अटॅक वाढवला की आवाज उशिरा चढतो, म्हणजे आघात मऊ पडतो. ‘चढ लांबव’ म्हटले की घोटाळा उरत नाही.

रिलीजसाठी आपल्याकडे ‘आस’, म्हणजे सूर छेडल्यावर मागे रेंगाळणारा नाद, हा फार देखणा शब्द तयार आहे. पण तो जरा जपून वापरावा. सतारीची तार छेडली की बोट उचलायची वाट न बघता आवाज ओसरू लागतो. तिथे आस म्हणजे डिके. सिंथवर तसा आवाज हवा असेल तर चढ दोन-तीन मिलिसेकंदांचा, ओसर दोनेक सेकंदांचा आणि पातळी शून्य ठेवावी. रिलीजही ओसराइतकाच लांब ठेवावा, नाहीतर बोट उचलताच तार मुठीत धरल्यासारखा सूर तुटतो. उलट हार्मोनियममध्ये भाता चालू आहे तोवर पातळी जवळजवळ पूर्ण, आणि पट्टी सोडली की विषय संपला, आस नाहीच. तेव्हा रिलीजला ‘सोड’ म्हणावे आणि ‘आस’ कानाला जे ऐकू येते त्याच्यासाठी राखून ठेवावा.

आणखी एक. ‘एन्व्हलप म्हणजे आवाजाचा लहान-मोठेपणा’ अशी व्याख्या करू नये. तेच व्होल्टेज व्हीसीएऐवजी (आवाज लहान-मोठा करणाऱ्या मॉड्यूलऐवजी) आवाजातले काही अंश गाळणाऱ्या फिल्टरला जोडले तर आवाजाचा उजळपणा चढतो-उतरतो. ऑसिलेटरच्या (मूळ आवाज काढणाऱ्या मॉड्यूलच्या) स्वराला जोडून झटकन वरून खाली आणले तर ढोलासारखा ‘धुम्’ निघतो.

हे सगळे आपल्याला अगदी परकेही नाही बरे का. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूगची मॉड्युलर यंत्रणा उभी केली होती आणि गीता साराभाईंसारख्या संगीतकारांनी तिच्यावर काम केले.

वाक्यात वापरायचे तर असे लिहावे: ‘एन्व्हलप फिल्टरला जोड, चढ छोटा ठेव, पातळी निम्म्यावर आण आणि सोड थोडी लांबव.’ तालमीत कुणी ‘रिलीज लांबव’ म्हणाले तर तेही चालेल. सस्टेनला ‘टिकाव’ तेवढे म्हणू नका.