सुरुवातीच्या वैयक्तिक संगणकांपैकी सर्वांत प्रभावी कोणते? क्रमवारी कशी लावाल?

पहिला कोणता आला किंवा खप कोणाचा जास्त, यापेक्षा नंतरच्या यंत्रांवर ठसा कोणाचा उमटला हा निकष धरला, तर अग्रस्थान ऑगस्ट १९८१ मध्ये आलेल्या आयबीएम पीसीलाच द्यावे लागते. तांत्रिकदृष्ट्या त्यात फारसे नावीन्य नव्हते. इंटेलचा ८०८८ प्रोसेसर आणि मायक्रोसॉफ्टची डॉस ही ऑपरेटिंग सिस्टीम, दोन्ही बाहेरून घेतलेली. मात्र बाजारात सहज मिळणारे भाग वापरल्यामुळे आणि माहितीपुस्तिकेत सर्किटच्या आकृत्यांसह बायोसचा (यंत्र सुरू करून त्याचे भाग चालवणाऱ्या मूलभूत प्रोग्रॅमचा) कोडही छापल्यामुळे नक्कल करणाऱ्यांपुढे मुख्य अडसर उरला तो बायोसच्या कॉपीराइटचा. कॉम्पॅकने मूळ कोड न पाहिलेल्या अभियंत्यांकडून तसेच चालणारे बायोस नव्याने लिहून घेतले आणि १९८३ मध्ये सुसंगत यंत्र विक्रीस आणले. पुढे हे मानक आयबीएमच्या मुठीत राहिले नाही.

दुसरे स्थान १९७७ च्या ॲपल टूचे. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट प्रथम त्यावर आले आणि केवळ त्या एका प्रोग्रॅमसाठी व्यावसायिक मंडळी यंत्र विकत घेऊ लागली.

तिसरा अल्टेअर ८८००. १९७५ चा हा संच बहुतेकांनी घरीच जुळवला. मूळ मेमरी २५६ बाइट, कीबोर्ड नाही, आज्ञा भरायच्या त्या दर्शनी पट्टीवरचे खटके वरखाली करून. तरीही मायक्रोसॉफ्टचा जन्म त्याच्यासाठी लिहिलेल्या बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेच्या आवृत्तीतून झाला.

कमोडोर ६४ चा खप प्रचंड असला, तरी त्याला मी चौथ्या क्रमांकावरच ठेवीन. बीबीसी मायक्रोचा प्रभाव अप्रत्यक्ष, पण दूरगामी: त्याच्या निर्मात्या एकॉर्न कंपनीतच पुढे एआरएम, म्हणजे आज बहुतेक मोबाइल फोनमध्ये असणाऱ्या घराण्याचा प्रोसेसर, तयार झाला.